एक लॅपटॉप, अनेक हात
जुलै २०२३ मध्ये आळंदी परिसरात उद्भवलेली डोळ्यांची साथ पुढे राज्यभर पसरली, हे आपणांस स्मरत असेल. अशा साथींस बहुधा कारणीभूत ठरणारे ॲडेनोव्हायरस कळफलकासारख्या पृष्ठभागावर अनेक दिवस तग धरतात. नवी मुंबईतील शाळेच्या ग्रंथालयात एकच लॅपटॉप आळीपाळीने हाताळणाऱ्या आपल्या नातवंडांना म्हणूनच दोन सवयी लावा : वापरानंतर साबणाने हात धुणे आणि तोवर डोळे न चोळणे. डोळे आलेच, तर मुलाला घरी ठेवा. त्याचा टॉवेल, उशी व औषधाचे थेंब वेगळे असू द्या. आपली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असल्यास ही दक्षता अधिकच पाळा. दृष्टी अंधुक झाली वा उजेड सोसेना, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा.