मुका सोबती आजारी पडतो तेव्हा

वाचकहो, तोरणमाळचा घाट ज्यांनी चढला आहे, त्यांना माझे म्हणणे लगेच पटेल. शहादा मागे पडले, म्हसावद ओलांडले, की सातपुडा समोर उभा राहतो. वळणामागून वळण घेत गाडी वर येते आणि ११०० मीटरांहून अधिक उंचीवर यशवंत तलावाचे पाणी दिसू लागते. पाहुण्याला ही वाट रमणीय वाटते. पण घरात कोणी आजारी असले, की तोच घाट सरता सरत नाही. आजारी माणूस असला तर शेजारी धावतात, झोळी करतात, गाडी मिळवतात. पण आजारी पडलेला कुत्रा असला तर? चारजण म्हणतात, "अहो, कुत्र्यासाठी एवढी धावपळ कशाला?"

या प्रश्नाचे उत्तर आज मला द्यायचे आहे. समजा, असाच एखाद्या पाड्यावर फौजेतून निवृत्त झालेला जवान राहतो आहे. त्याच्यापाशी एक कुत्रा आहे. तो लष्करातून निवृत्त होऊन त्याच्या घरी आलेला असेल, नाहीतर पाड्यावरचाच साधा गावठी असेल. रात्री फौजी दचकून उठला, की हा उठतो आणि त्याच्या हाताला नाक लावतो. असा कुत्रा असाध्य दुखण्याने अंथरुणाला खिळला, तर त्या माणसाचे काय होत असेल?

युद्धाचे घाव सगळेच अंगावर दिसत नाहीत. काही मनावर होतात. झोप लागत नाही, फटाका वाजला तरी छाती धडधडते, गर्दी नकोशी होते. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी १९१६ साली जर्मनीतल्या ओल्डेनबुर्ग येथे वाटाड्या कुत्र्यांची शाळा निघाली. पुढे मनाच्या घावांसाठीही कुत्रे शिकवले जाऊ लागले. भयंकर स्वप्न पडले तर धन्याला जागे करायचे, गर्दीत त्याच्या पाठीशी उभे राहायचे, अशी कामे ते करतात. आपल्याकडे ही पद्धत अजून फारशी रुळलेली नाही. तरी शिकवल्यावाचूनही पुष्कळ कुत्रे हे काम करतात, हे तुम्हीआम्ही पाहिलेले आहे.

कामावरच्या कुत्र्याची किंमत महाराष्ट्राने एकदा डोळ्यांनी पाहिली. मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकात 'झंजीर' नावाचा लॅब्रॅडॉर होता. पुण्याच्या शिवाजीनगरला त्याचे शिक्षण झाले. १९९३ च्या स्फोटांनंतर त्याने ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर आणि २४९ हातबॉम्ब हुंगून काढले. त्या नाकाने किती घरांतले दिवे विझू दिले नाहीत, कोण मोजणार? पुढे या झंजीरलाच हाडांच्या कर्करोगाने गाठले. नोव्हेंबर २००० मध्ये, वयाच्या आठव्या वर्षी, परळच्या पशुरुग्णालयात त्याने प्राण सोडला. पोलिसांनी त्याला इतमामाने निरोप दिला. वरिष्ठ अधिकाऱ्याने त्याच्या देहावर फुले वाहिली.

पण सगळ्यांच्याच नशिबी असा मान नव्हता. निवृत्तीनंतर लष्करी कुत्र्यांना मारून टाकण्याची रीत आपल्याकडे पुष्कळ वर्षे होती. हा प्रश्न दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेला आणि २०१५ साली शासनाने हे धोरण बदलण्याचे मान्य केले. आता निवृत्त कुत्रे घरोघरी दत्तक दिले जातात. मुंबईवरील २००८ च्या हल्ल्यात कामगिरी बजावलेल्या कुत्र्यांचे म्हातारपण विरारजवळच्या एका शेतावर मायेने सांभाळले गेले. २०१६ साली ते एकामागून एक गेले.

आता आपल्या फौजीकडे वळू. आपण त्याच्यासाठी काय करू शकतो?

पहिली गोष्ट, दुखणे लवकर ओळखायला मदत करा. कुत्रा एकाएकी फार पाणी पिऊ लागला, त्याने अन्न सोडले, तो लंगडू लागला, पायाच्या हाडावर सूज आली, हिरड्या पांढुरक्या पडल्या किंवा लघवी गडद झाली, तर पशुवैद्याला दाखवायला हवे. गोचिडांचा ताप वेळेवर औषध मिळाले तर पुष्कळदा बरा होतो. आणि एक कळकळीचे सांगणे : घरातल्या तापाच्या किंवा अंगदुखीच्या गोळ्या कुत्र्याला देऊ नका. आपल्याला उतार देणारी गोळी त्याचे यकृत किंवा मूत्रपिंड निकामी करू शकते.

दुसरी गोष्ट, घाट उतरायला सोबत करा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. तिथे आधी विचारून घ्या. पथक येणार नसेल तर गाडीची व्यवस्था पाहा. जाड घोंगडीची चार टोके दोघांनी धरली, की कुत्र्याला हिसका न बसता उचलता येते. वेदनेत असताना गुणी कुत्राही चावतो, म्हणून तोंडाशी हात नेण्याचे काम धन्यावर सोडा. पैशाची गोष्ट मात्र जपून काढा. फौजी माणूस हात पसरणार नाही. "साहेब, मी उद्या शहाद्याला चाललोच आहे, बरोबर येता का?" एवढे म्हटले, तर त्याचा मानही राहतो आणि कामही होते.

तिसरी गोष्ट, बोलणे. "दुसरा कुत्रा आणा," हे वाक्य कृपा करून उच्चारू नका. बायको गेलेल्या माणसाला आपण त्याच दिवशी दुसरे लग्न सुचवतो का? त्यापेक्षा त्याच्या ओट्यावर जाऊन बसा. कुत्र्याच्या गोष्टी विचारा. पावरी, भिली, अहिराणी, जी त्याची बोली असेल तीत बोला. माणसाचे दुःख आपल्याच बोलीत मोकळे होते. शिक्षकबंधूंना सांगणे आहे, की मुलांना झंजीरची गोष्ट सांगा आणि दोन मुलांना संध्याकाळी तिकडे पाठवा. मुले फारसे विचारत नाहीत, नुसती जवळ बसतात. तेवढे पुरते.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड. दुखणे बरे होणारे नसेल, तर पशुवैद्य इंजेक्शन देऊन वेदनेतून सोडवण्याचा मार्ग सुचवतो. हा निर्णय धन्याचाच असला पाहिजे. आपण एवढेच सुचवावे, की रोज रात्री वहीत लिहून ठेवा : आज तो जेवला का, उठून उभा राहिला का, तुम्हाला पाहून शेपूट हलवली का? वाईट दिवस चांगल्या दिवसांहून जास्त होऊ लागले, की उत्तर त्या वहीतच सापडते. मग "मी त्याला मारलं" हा काटा मनात राहत नाही.

आणि शेवटी, कुत्रा गेल्यावर दुसऱ्या दिवशी आपण आपापल्या कामाला लागतो. त्याची रात्र मात्र तेव्हाच लांबते. मध्यरात्री हाताला लागणारे ते ओले नाक आता नसते. म्हणून महिनाभर तरी कोणी ना कोणी त्याच्याकडे जात राहा. तो जेवेनासा झाला, बोलेनासा झाला, "आता जगून काय करू" असे म्हणू लागला, तर ते हसण्यावारी नेऊ नका; त्याला एकटे सोडू नका. टेली-मानस ही शासनाची सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालते आणि तेथे मराठीतून बोलता येते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयालाही कळवा.

तेव्हा, "कुत्र्यासाठी एवढी धावपळ कशाला?" असे कोणी विचारले, तर सांगा, की ही धावपळ एकट्या कुत्र्यासाठी नाही. सीमेवर जो आपल्यासाठी रात्र रात्र जागला, त्याच्या उशाशी इतके दिवस हा मुका जीव जागत होता. तो थकला आहे. आता चार रात्री जागण्याची पाळी आपली आहे.