ओव्हन घेण्याआधी बोर्ड बघा

पिझ्झा आता वस्तीत नवा राहिलेला नाही. वाढदिवस असो की दहावीचा निकाल, मुले पिझ्झाच मागतात. बाहेरून चौघांना पुरेल इतका मागवायचा तर किती पैसे मोजावे लागतात, हे घरखर्च चालवणाऱ्या बाईला चांगले ठाऊक असते. म्हणून मग कुणी हप्त्याने टेबलावरचा छोटा इलेक्ट्रिक ओव्हन घेते, कुणी जुन्या बाजारातून आणते. घरकामाला जाणाऱ्या आपल्या कित्येक भगिनींना तर मालकीणबाईच म्हणतात, "आम्ही नवीन घेतलाय, हा तू घेऊन जा."

वस्तू वाईट नाही. घरचा पिझ्झा स्वस्त पडतो आणि त्यात काय घातले ते आपल्याला माहीत असते. पण हा ओव्हन ज्या स्वयंपाकघराचा विचार करून बनवतात, तिथे ओट्याशेजारी जाड पिनांचा वेगळा पॉइंट असतो, अर्थिंग असते. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत एकाच बोर्डवर फ्रीज, टीव्ही, मिक्सर आणि तीन मोबाईल लटकलेले असतात. दवाखान्याच्या नोकरीत भाजलेल्यांची मलमपट्टी करताना आम्ही जे पाहिले, आणि आता समाजमंदिरात आरोग्याच्या बैठका घेताना जे ऐकतो, त्यावरून आमचे सांगणे एवढेच आहे: ओव्हनची किंमत विचारण्याआधी घरातला बोर्ड बघा.

हे यंत्र चालते कसे?

मायक्रोवेव्ह वेगळा आणि हा वेगळा. या ओव्हनमध्ये इस्त्रीसारखीच कॉइल असते, एक वर आणि एक खाली. ती लाल होते आणि त्या आचेवर पदार्थ भाजला जातो. बाजारात दोन प्रकार दिसतात. एक म्हणजे काचेच्या दाराचा चौकोनी ओव्हन, ज्याला ओटीजी म्हणतात. तो साधारण 250 अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. दुसरा गोल, डब्यासारखा झाकण उघडणारा पिझ्झा मेकर. त्यात खाली दगडाची थाळी असते आणि काही पिझ्झा मेकर 350 ते 400 अंशांपर्यंत जातात.

एवढी आच का लागते? पिझ्झा हे मुळात इटलीतल्या नेपल्स शहरातल्या गरीब कष्टकऱ्यांचे, रस्त्यावर विकले जाणारे खाणे. तिथल्या लाकडाच्या भट्टीत 450 अंशांच्या आसपास आच असते आणि पिझ्झा दीड मिनिटाच्या आत भाजून निघतो. घरचा ओव्हन त्या भट्टीची नक्कल करतो. तेव्हा ध्यानात ठेवा, पाणी 100 अंशांना उकळते. हे यंत्र त्याच्या अडीच ते चार पट आकड्यावर चालते आणि त्याचा बाहेरचा पत्रा व काचही चटका बसेल इतकी तापते.

वायरचा हिशोब

ओव्हनच्या मागे किंवा खाली एक पट्टी असते. तिच्यावर वॅट लिहिलेले असतात. बहुतेक छोटे ओव्हन 800 ते 1500 वॅटचे असतात. या आकड्याला 230 ने भागा, म्हणजे किती अँपिअर करंट लागतो ते कळते. 1200 वॅटला सव्वापाच अँपिअर, 1500 वॅटला साडेसहा.

टीव्ही-मोबाईलसाठी असतो तो बारीक पिनांचा पॉइंट 6 अँपिअरचा. म्हणजे 1500 वॅटचा ओव्हन एकटाच त्याच्या ताकदीबाहेर जातो. 1200 वॅटचा एकटा कसाबसा बसतो, पण त्याच एक्स्टेन्शनवर फ्रीज आणि मिक्सर असेल तर हिशोब चुकलाच. वायरमधून दुप्पट करंट गेला तर वायर दुप्पट नाही, चौपट तापते. ती भिंतीत किंवा पट्टीच्या आत तापते, म्हणून आपल्याला दिसत नाही. आधी जळका वास येतो, मग प्लग काळा पडतो आणि एक दिवस ठिणगी पडते.

ओव्हनला जाड पिनांचा, 16 अँपिअरचा वेगळा पॉइंट हवा. त्याला वायरही जाड लागते. दिवे-पंख्याची वायर एक किंवा दीड चौरस मिलिमीटरची असते, तर अशा पॉइंटला साधारण चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाकतात. जुन्याच बारीक वायरवर नुसता नवा मोठा सॉकेट बसवून देणारा वायरमन भेटला, तर त्याला तिथेच थांबवा. जाड पिना बारीक पॉइंटमध्ये बसवायला मिळणारा जोड-प्लग वापरू नका. आणि वायरची उघडी टोके सॉकेटमध्ये घालून आगपेटीच्या काड्या खोचणे तर आजपासून बंद.

वीजबिलावर 'मंजूर भार' छापलेला असतो, तोही पाहा. तो एक किलोवॅट असेल तर 1200 वॅटचा ओव्हन एकटाच त्याच्यावर जातो. अशा वेळी वीज कंपनीकडे भार वाढवून मागता येतो. एकाच मीटरवर तीन खोल्या चालत असतील तर शेजारच्या खोलीत पाण्याचा रॉड चालू आहे का, हे ओव्हन लावण्याआधी विचारून घ्या.

अर्थिंग: तिसरी पिन कशासाठी?

प्लगची वरची जाड पिन आणि तिला जोडलेली हिरवी वायर म्हणजे अर्थिंग. ओव्हनचे अंग लोखंडी. आतली कॉइल किंवा वायर खराब होऊन करंट पत्र्यात उतरला, तर तो जमिनीत नेऊन सोडायचे काम ही वायर करते. ती नसेल तर तो करंट ओव्हनला हात लावणाऱ्याच्या अंगातून जमिनीत जातो. पाय ओले असतील तर धक्का अधिकच जबर बसतो. खोलीची भिंत पत्र्याची असेल आणि ओव्हन तिला टेकलेला असेल, तर ती सबंध भिंत करंट धरू शकते.

वायरमनला स्पष्ट सांगा, "अर्थिंगला टेस्ट लॅम्प लावून दाखव." काही जण वेळ वाचवायला सॉकेटच्या आत अर्थिंगची वायर न्यूट्रललाच जोडून देतात. तसे केल्यावर, न्यूट्रल कुठे तुटला तर ओव्हनचा पत्राच करंटवर येतो. असे काम करून घेऊ नका.

मीटरजवळ एमसीबी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. एमसीबी वायरला जळण्यापासून वाचवते. माणसाला वाचवते ती आरसीसीबी, जिला बरेच वायरमन ईएलसीबीच म्हणतात. ती 30 मिलिअँपिअरची घ्यावी. करंट अंगातून किंवा पत्र्यातून जमिनीकडे वळला की ती क्षणात वीज तोडते. ओव्हनच्या किमतीपुढे हा खर्च जड नाही. लेकरांच्या घरात तर ती ओव्हन नसला तरी असावी.

मालकिणीने दिलेला किंवा जुन्या बाजारातला ओव्हन असेल तर चालू करण्याआधी पाहा: वायर कुठे सोललेली, चिकटपट्टी गुंडाळलेली आहे का? प्लगची तिसरी पिन कापलेली आहे का? काचेला तडा आहे का? यांतले काहीही असले तर आधी दुरुस्ती करा, मग वापरा.

ठेवायचा कुठे?

ओव्हन भक्कम, सपाट आणि न जळणाऱ्या जागेवर ठेवा. कडप्पा किंवा लादी उत्तम. प्लास्टिकचे टेबल किंवा रेक्झिन अंथरलेली फळी चालणार नाही. मागे आणि बाजूंना चार बोटे, वर वीतभर जागा मोकळी सोडा. पडदा, वाळत घातलेले कपडे, पोटमाळ्याची प्लायची फळी आणि गॅसची नळी यांच्यापासून लांब ठेवा. वायर चालण्याच्या वाटेत लोंबू देऊ नका. रांगणारे मूल ती ओढते आणि तापलेला ओव्हन अंगावर येतो. ओव्हन चालू असताना लहान मुलांची जागा दाराबाहेर.

हात कोरडे, पायात चप्पल. गरम ट्रे काढायला कोरडे जाड फडके घ्या. ओले फडके नको, कारण त्यातल्या पाण्याची लगेच वाफ होते आणि हात भाजतो. दार उघडताना तोंड बाजूला ठेवा. प्लास्टिकचा डबा किंवा कागद आत ठेवू नका. काम झाले की बटण बंद करून प्लगही काढा. पूर्ण थंड झाल्यावरच पुसा. तापल्या काचेवर किंवा दगडावर गार पाणी पडले तर ते तडकतात.

पिझ्झा करायचा तर असा करा

दोन मध्यम पिझ्झ्यांसाठी एक पाव गव्हाचे पीठ आणि मैदा अर्धा-अर्धा घ्या. त्यात छोटा चमचा यीस्ट, तेवढीच साखर, अर्धा छोटा चमचा मीठ, एक मोठा चमचा तेल आणि कोमट पाणी घालून पोळीच्या कणकेपेक्षा सैल मळा. झाकून तासभर ठेवा, फुगून दुप्पट होऊ द्या. वरच्या सॉससाठी टोमॅटो, लसूण आणि तिखट परतून आटवा. विकतच्या सॉसमध्ये मीठ-साखर जास्त असते.

ओव्हन पंधरा मिनिटे आधी तापवा. 250 अंशांच्या ओव्हनमध्ये पिझ्झा दहा-बारा मिनिटांत होतो. दगडाच्या पिझ्झा मेकरमध्ये चार-सहा मिनिटे पुरतात. गव्हाचे पीठ लवकर करपते, म्हणून समोरून हलू नका. 1200 वॅटचा ओव्हन अर्धा तास चालला तर जास्तीत जास्त पाऊण युनिटाच्या आतच वीज जाते. एकदा तापवलाच आहे तर दोन्ही पिझ्झे, आणि मागोमाग रताळी किंवा शेंगदाणेही भाजून घ्या.

चीज थोडे घाला. त्यात मीठ भरपूर असते आणि मोठ्या माणसाला दिवसभरात सगळे धरून पाच ग्रॅम, म्हणजे एक छोटा चमचा मीठ पुरे असते. रक्तदाबाच्या रुग्णांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. कांदा, सिमला मिरची, पालक, उकडलेले हरभरे, अंडे, पनीर यांचा थर जाड करा. चिकन किंवा खिमा घालायचा तर आधी पूर्ण शिजवून घ्या, कच्चे मांस पाच-दहा मिनिटांत आतपर्यंत शिजत नाही. मधुमेह असलेल्यांनी एखाद्या तुकड्यावर थांबावे आणि सोबत काकडी-टोमॅटो खावे. उरलेला पिझ्झा दोन तासांपेक्षा जास्त उघड्यावर ठेवू नका.

भाजले तर पहिली वीस मिनिटे

भाजलेला हात घेऊन माणसे दवाखान्यात येतात तेव्हा त्यावर टूथपेस्ट, हळद, शाई, तूप, बटाट्याचा कीस असे काहीबाही लावलेले असते. ते खरवडून काढताना रुग्णाला दुप्पट वेदना होतात, जखमेत जंतू जातात आणि खोली किती आहे ते डॉक्टरांना दिसत नाही. औषध आपल्या नळाला किंवा पिंपात आहे: साधे गार, स्वच्छ पाणी. भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरा. नळाला पाणी नसेल तर तांब्याने हळूहळू ओतत राहा. बर्फ लावू नका.

सूज येण्याआधी बांगड्या आणि अंगठी काढा. कातडीला चिकटलेले कापड ओढू नका. फोड फोडू नका. स्वच्छ कोरड्या सुती कापडाने सैल झाका आणि दवाखान्यात जा. चेहरा, हात, सांधा किंवा गुप्तांग भाजले असेल, जखम रुग्णाच्या तळहातापेक्षा मोठी असेल, कातडी पांढरी किंवा काळी पडली असेल, किंवा रुग्ण लहान मूल वा म्हातारे माणूस असेल, तर घरी थांबूच नका.

शॉक लागलेल्या माणसाला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. तो हाताशी नसेल तर कोरड्या लाकडी दांड्याने त्याला वायरपासून दूर करा. 108 ला फोन करा. शुद्ध आणि श्वास नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हात ठेवून मिनिटाला 100 ते 120 वेळा, दोन इंच खोल दाबत राहा. माणूस उठून बसला, "काही झालं नाही" म्हणाला, तरी दवाखान्यात न्या. विजेने आतले भाजलेले बाहेरून दिसत नाही आणि हृदयाचे ठोके बिघडलेले असू शकतात.

ओव्हनच्या आत पेट घेतला तर दार उघडू नका, हवा मिळाली की भडका उडतो. मेन बंद करा, पाणी टाकू नका, माणसे बाहेर काढा आणि 101 ला कळवा.

एकट्याने नको, गल्लीने करा

भाड्याच्या खोलीत वायर बदलणे मालकाचे काम आहे. एकटीने सांगितले तर तो टाळतो, चार भाडेकरू मिळून गेले तर ऐकावे लागते. आमची सूचना अशी: गल्लीतल्या दहा घरांनी मिळून परवाना असलेला वायरमन एका रविवारी बोलवावा, सगळ्यांचे बोर्ड आणि अर्थिंग तपासून घ्यावे. पैसे वाटून द्यायचे. पत्र्याला पत्रा लागलेल्या घरांत एका घरातली ठिणगी दहा घरांची असते. म्हणून ज्या घरात ओव्हन नाही, त्या घरानेही या खर्चात वाटा उचलावा.

कापून बोर्डाशेजारी लावा

• 16 अँपिअरचा वेगळा पॉइंट, जाड वायर, तपासलेले अर्थिंग.
• 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी.
• एक्स्टेन्शनवर ओव्हन नाही.
• कोरडे हात, पायात चप्पल, मुले दूर.
• भाजले तर वीस मिनिटे पाणी, दुसरे काही नाही.
• शॉक लागला तर आधी मेन बंद, मग 108.