‘वऱ्हाड’मधला ‘र’ आणि संगणकाचा कळफलक

विदर्भाच्या नकाशावर मुलांकडून गावांची व प्रदेशांची नावे संगणकावर टंकून घेतली, तर एक गंमत हमखास दिसते. ‘अमरावती’, ‘अकोला’, ‘यवतमाळ’ बिनचूक उमटतात. पण ‘वऱ्हाड’ लिहिण्याची वेळ आली की कुणी ‘वर्हाड’ लिहितो, तर कुणी ‘वरहाड’. मुलाला शब्द माहीत असतो, वहीत तो बरोबर लिहितोही. मग कळफलकापाशी आल्यावरच का अडते?

असा प्रश्न केवळ मराठीपुढे आहे असे नाही. स्पॅनिश भाषेत ‘पेना’ म्हणजे दुःख. पण त्यातल्या ‘एन’वर नागमोडी रेघ दिली की शब्द होतो ‘पेन्या’, म्हणजे खडकाचा कडा. रेघ असलेले ते ‘एन्ये’ हे स्पॅनिश वर्णमालेतले स्वतंत्र अक्षर आहे. संगणकाच्या कळफलकावर ते असलेच पाहिजे, असा नियम स्पेनने १९९३ साली केला. स्वरावरच्या आघातचिन्हासाठी तिथे वेगळी युक्ती आहे. आधी चिन्हाची कळ दाबायची. तेव्हा पडद्यावर काहीच उमटत नाही. मग स्वराची कळ दाबली की चिन्हासह स्वर उमटतो.

आता आपल्या ‘र’कडे वळू. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ हे दोन शब्द मोठ्याने वाचून पाहा. पहिल्यात गुरूला वंदन आहे, दुसऱ्यात स्वयंपाक्याला निरोप. पहिल्या शब्दात ‘र्’ मागच्या ‘चा’ला चिकटतो आणि त्या अक्षरावर आघात येतो, म्हणून तो रफार होऊन डोक्यावर बसतो. दुसऱ्यात ‘र्’ पुढच्या ‘या’बरोबर हलकेच उच्चारला जातो, मागच्या अक्षरावर आघात येत नाही. तो आडव्या वळणदार रेघेने दाखवतात. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोलगट जागा, हेही तसेच उदाहरण. ‘शेतकऱ्याचा’, ‘पायऱ्या’, ‘तऱ्हा’ हे शब्द तर रोजच्या वापरातले आहेत.

नागपुरात हा प्रश्न अधिक जाणवतो. १९५६ पर्यंत हे शहर ज्या राज्याची राजधानी होते, त्याचा कारभार हिंदी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत चाले. आजही दोन्ही भाषा इथे शेजारी नांदतात. लिपी एकच, देवनागरी. पण हिंदीला हा आडवा ‘र’ लागत नाही. त्यामुळे हिंदीवर हात बसलेल्याला तो शोधावा लागतो.

इन्स्क्रिप्ट या भारतीय लिपींच्या प्रमाण कळफलकावर मात्र तो सापडतो. त्यात ‘जे’च्या कळीवर ‘र’ आहे आणि शिफ्टसह तीच कळ दाबली की ‘ऱ’ येतो. ‘डी’वर पाय मोडण्याचे चिन्ह, म्हणजे हलन्त आहे. ‘वऱ्हाड’साठी कळांचा क्रम असा: बी (व), शिफ्ट व जे (ऱ), डी (हलन्त), यू (ह), ई (काना), डावा चौकोनी कंस (ड). शिफ्ट विसरलो, की ‘वर्हाड’ होतो. चूक एवढीशीच आहे!

पण हा नुक्ता असलेला ‘ऱ’ आला कुठून? तो मुळात द्राविडी भाषांतला एक वेगळा ‘र’ देवनागरीत लिहिण्यासाठी ठेवलेला आहे. भारतीय लिपींसाठी इस्की नावाची संकेतप्रणाली १९९१ साली भारतीय मानक झाली. तिच्यात या अक्षराचा पाय मोडला की मराठीचा आडवा ‘र’ दिसावा, अशी सोय होती. ती पुढे युनिकोडनेही ठेवली.

युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक असतो. ‘र’चा २३५२, ‘ऱ’चा २३५३, हलन्ताचा २३८१. संगणक आकृती साठवत नाही, हे क्रमांक साठवतो; आकृती घडवण्याचे काम फॉन्टचे. आडव्या ‘र’साठी युनिकोडने आणखी एक मार्ग मान्य केला आहे: साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर ८२०५ क्रमांकाचे अदृश्य जोडचिन्ह. दोन्ही मार्गांनी पडद्यावर ‘वऱ्हाड’ असेच दिसते. आत मात्र पहिल्यात सहा क्रमांक असतात, तर दुसऱ्यात सात.

खरी अडचण इथे आहे. समजा, ‘कऱ्हाडे’ हे आडनाव शाळेच्या यादीत एकाने पहिल्या मार्गाने टंकले आणि दुसऱ्याने दुसऱ्या मार्गाने ते शोधले. क्रमांक जसेच्या तसे ताडून पाहणारी प्रणाली ‘असे नाव नाही’ असे सांगेल. विद्यार्थी वर्गात बसलेला, आणि यादीत तो नाही! शेतकऱ्याच्या नावाचा कागद शोधतानाही असेच घडू शकते. म्हणून एका कामात सर्वांनी एकच मार्ग वापरावा, हे उत्तम. इन्स्क्रिप्टवर सहज येणारा पहिला मार्ग आम्हांला सोयीचा वाटतो.

‘ॲ’चेही असेच आहे. ‘ॲसिड’मधल्या या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक, २४१८, मिळाला तो २००८ साली. त्याआधी ‘अ’ला चंद्र जोडून काम भागवले जाई. हिंदीतला ‘ऍ’ आणखी वेगळा. त्याचा क्रमांक २३१७. एकाच उच्चाराची अशी तीन रूपे जुन्यानव्या मजकुरात भेटतात.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. गणनपत्रकाच्या एका घरात ‘वऱ्हाड’ टंका आणि लांबी मोजणाऱ्या ‘लेन’ या सूत्राने चिन्हे मोजा. डोळ्यांना अक्षरे तीनच दिसतात. उत्तर सहा येते. मग हाच शब्द वेगवेगळ्या मजकुरांतून उचलून मोजा. कुठे सात आले, तर अदृश्य जोडचिन्ह आत दडले आहे का, याचा शोध मुलांनाच घेऊ द्या. दिसणे आणि असणे यांतला फरक त्यांना या एका शब्दातून कळेल. आणि ‘वऱ्हाड’ही यापुढे बिनचूक उमटेल.