कावेरीत गळाला लागलेला लोणावळ्याचा मासा

मागच्या एपिसोडमध्ये बोलता बोलता मी मासेमारीचा विषय काढला आणि त्यानंतर इनबॉक्समध्ये एकच प्रश्न: "भावा, मोठा मासा पकडायला जायचं तर कुठे?" तर आज तेच. समुद्र नाही, फक्त गोडं पाणी. आणि गोड्या पाण्यातला मोठा मासा म्हटलं की माझ्यासाठी एकच, महासीर.

महासीर जोरदार प्रवाहात राहतो, त्यामुळे अंगात ताकद प्रचंड. जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. खेकडे, शिंपले तिथेच चिरडतो. गळाला लागला की पहिल्या झटक्यात रीळ किंचाळायला लागतं आणि आपण नुसते बघत राहतो.

उत्तरेत सोनेरी महासीर मिळतो. रामगंगा, काली आणि सरयूच्या संगमावरचं पंचेश्वर, आसामातली जिया भरोली, ही त्याची नावाजलेली पाणी. पंचेश्वर माझ्या यादीत आहे, सुट्ट्या मिळाल्या की बघू. पण जगभरचे गळवाले ज्या नावाने वेडे होतात ती नदी दक्षिणेतली, कावेरी. तिच्याच काबिनी या उपनदीत 1946 साली म्हैसूरच्या डी वेट व्हॅन इंगेन यांनी 120 पौंडांचा, म्हणजे साधारण 54 किलोचा महासीर पकडला होता. पाठीवर उंचवटा असलेला, कुबडा महासीर.

मी बंगळुरूला नोकरीला लागलो तेव्हा डोक्यात हाच मासा होता. परवाना काढून कोडगूत वलनूरला गेलो. तिथे पकडायचं आणि सोडायचं, एवढीच परवानगी. आमिष काय, तर नाचणीचा शिजवलेला गोळा! दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक लागला. सहा-सात किलोचा असेल. मी आनंदाने ओरडलो, "कावेरीचा महासीर!" सोबतचा गाईड हसला आणि म्हणाला, "सर, हा तुमच्याकडचा आहे. निळ्या परांचा."

मला वाटलं चेष्टा करतोय. चेष्टा नव्हती.

त्याचं असं आहे. निळ्या परांच्या महासीरचं शास्त्रीय नाव टॉर खुद्री. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 1839 साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून त्याची नोंद केली आणि नाव दिलं ते इथल्या लोकांच्या तोंडचंच. पुढे धरणं झाली. महासीर पावसाळ्यात अंडी घालायला प्रवाहाच्या उलट वर चढतो, धरणाने ती वाटच बंद होते. मासे कमी झाले म्हणून 1970 च्या दशकात टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याला वळवण धरणाजवळ त्यांची कृत्रिम पैदास सुरू केली. ती जमली. अगदी भरपूर जमली. मग पिल्लं वेगवेगळ्या राज्यांना दिली गेली आणि कावेरीतही सोडली गेली.

तोवर कावेरीतला कुबडा महासीर हा वेगळा मासा आहे, हे शास्त्रज्ञांनी नीट ठरवलेलंच नव्हतं. तो टॉर रेमादेवी आहे हे 2018 मध्ये स्पष्ट झालं आणि लगेच त्याला अतिसंकटग्रस्त यादीत टाकावं लागलं. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला म्हणतो, टेस्ट न करता थेट प्रॉडक्शनवर टाकणं. फक्त नदीत रोलबॅक करता येत नाही.

हे कळलं कशावरून, तर गळवाल्यांच्याच वह्यांवरून. कावेरीकाठच्या एका कॅम्पवर 1998 ते 2012 पर्यंत प्रत्येक माशाची नोंद ठेवली होती. संशोधकांनी ती तपासली तेव्हा दिसलं की माशांची संख्या वाढत गेली, पण सरासरी वजन घटत गेलं. वाढत होते ते निळ्या परांचे, दिसेनासे होत होते कुबडे. मला ही गोष्ट फार आवडते, कारण कोणी तरी कंटाळा न करता वही भरली म्हणून हे समजलं. सगळा दोष लोणावळ्याच्या माशावर टाकता येत नाही हेही खरं. धरणं आहेत, वाळूउपसा आहे, सुरुंग लावून मासे मारणारे आहेत.

आता माझी चूक सांगतो, कारण तुम्हीही ती कराल. फोटोसाठी मी तो मासा पाण्याबाहेर धरला. एक फोटो, मग सेल्फी, मग मित्राला व्हिडिओ कॉल. सोडला तेव्हा तो सरळ आडवाच झाला, पोट वर. झुंजीत तो आधीच दमलेला असतो, त्यात वर त्याला श्वास नाही. गाईडने काही न बोलता पाण्यात उतरून त्याचं तोंड प्रवाहाकडे धरलं. वीसेक मिनिटं. शेवटी शेपूट हलली आणि तो गेला. पुढे जगला की नाही, कोण जाणे. तेव्हापासून माझे गळ बिनकाट्याचे, हात आधी ओले, आणि फोटो पाण्यातच. नसेल मिळत तर नको फोटो.

जायचं असेल तर आधी परवान्याची चौकशी करा. अभयारण्यातून वाहणाऱ्या पट्ट्यात गळ टाकता येत नाही. कावेरीवरचे भीमेश्वरी, गालीबोरेसारखे जुने नामांकित पट्टे आता त्यातच येतात.

आणि गळ न टाकता महासीर बघायचा असेल तर महाडजवळ काळ नदीवरच्या वाळण कोंडीला जा. वरदायिनी देवीचे मासे म्हणून तिथे कोणी त्यांना हात लावत नाही. चुरमुरे टाकले की पाण्यावर काळीभोर डोकी दिसायला लागतात. पावसाच्या आधी मी जाणार आहे. यायचं असेल तर कळवा, गळ मात्र घरी ठेवून या.