खेळातल्या ग्रंथांची अक्षरजुळणी

व्हिडिओ गेममध्ये खेळाडू एखादा ग्रंथ उघडतो, तेव्हा पडद्यावर आलेले पान बहुधा आयते चित्र नसते. जुनाट कागदाची पार्श्वभूमी तेवढी चित्र असते. तिच्यावरचा मजकूर त्याच क्षणी जुळवला जातो. खेळाच्या फाइलमध्ये हा मजकूर सलग साठवलेला असतो. शीर्षक मध्यभागी घ्यावे, इथे ओळ तोडावी, हा भाग हस्ताक्षरात दाखवावा, अशा सूचना त्यातच कोनी कंसांत पेरलेल्या असतात. या सूचना म्हणजे टॅग आणि त्या लिहिण्याची पद्धत म्हणजे मार्कअप भाषा. बेथेस्डा या अमेरिकी कंपनीची ‘द एल्डर स्क्रोल्स’ ही खेळमालिका तिच्या काल्पनिक ग्रंथसंग्रहासाठी प्रसिद्ध आहे. टॅगांचा वापर कसा बदलत गेला, हे या मालिकेत टप्प्याटप्प्याने पाहता येते.

पानांची चित्रेच का साठवत नाहीत? पहिली अडचण जागेची. शेकडो पानांची चित्रे साठवायला जितकी जागा लागते, तिच्या अगदी थोड्या भागात तेवढाच मजकूर मावतो. दुसरी अडचण भाषांतराची. इंग्रजी मजकूर जर्मनमध्ये नेला की त्याची लांबी बदलते आणि चित्रांची पाने पुन्हा काढावी लागतात. मजकूर टॅगांसह साठवला असेल, तर ओळी आणि पाने खेळ स्वतःच नव्याने पाडतो.

ही पद्धत खेळांसाठी जन्मलेली नाही. हस्तलिखिताच्या समासात कंपॉझिटरसाठी खुणा करण्याची चाल छापखान्यांत जुनीच होती. १९६९ साली आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी यांनी तिला संगणकी रूप द्यायला सुरुवात केली. त्यातून जीएमएल ही भाषा आकाराला आली. मजकुराचा तुकडा कसा दिसावा हे न सांगता तो काय आहे, म्हणजे शीर्षक, परिच्छेद की यादी, एवढेच सांगावे, हा तिच्यामागचा विचार होता. दिसण्याचा निर्णय वेगळा घेता येतो. १९८६ मध्ये एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय मानक झाले आणि पुढे टिम बर्नर्स-ली यांनी वेबसाठी एचटीएमएल तयार केली. खेळांनी उचलली ती ही शेवटची भाषा, तीही निवडक टॅगांपुरती.

मालिकेतील ‘डॅगरफॉल’ (१९९६) या खेळात अजून एचटीएमएलसारखे टॅग नव्हते. मजकुराच्या मध्ये एकेका बाइटचे नियंत्रण-संकेत असत: एक संकेत ओळ डावीकडे लावी, दुसरा मध्यभागी, आणखी एक पान संपल्याचे सांगे. यंत्राला हे सोपे होते. लेखकाला मात्र ते संकेत साध्या अक्षरांसारखे वाचता येत नसत.

२००२ च्या ‘मॉरोविंड’ने टॅग आणले. तिथल्या ग्रंथाची सुरुवात साधारणपणे ‘डिव्ह’ या टॅगने होते. मजकूर डावीकडे लावायचा की मध्यभागी, हे त्यात सांगितलेले असते. मागोमाग ‘फॉन्ट’ टॅग येतो आणि त्यात रंग, आकार आणि अक्षरवळणाचे नाव असते. सहा शून्ये लिहिली की शाई काळी. नेहमीच्या अक्षरांसाठी ‘मॅजिक कार्ड्‌स’ हे नाव लिहायचे, तर खेळातील गूढ लिपीसाठी ‘डेड्रिक’. ओळ तोडायला ‘बीआर’, परिच्छेदाला ‘पी’ आणि चित्राला ‘आयएमजी’. यापुढचे काम खेळाचे. तो प्रत्येक शब्दाची रुंदी मोजतो, ओळ भरली की पुढच्या ओळीवर जातो आणि डावे पान भरले की उजव्या पानावर. शब्द तोडून संयोगचिन्ह देण्याची सोय नसल्यामुळे पानाची उजवी कड असमान राहते.

या व्यवस्थेत एक खोच आहे. शेवटच्या ‘बीआर’ किंवा ‘पी’ टॅगनंतरचा मजकूर मॉरोविंड दाखवतच नाही. ग्रंथाच्या अखेरीस टॅग द्यायचा राहिला, तर शेवटचा परिच्छेद गायब होतो. हाच खेळ चालवण्यासाठी ‘ओपनएमडब्ल्यू’ हा मुक्तस्रोत कार्यक्रम नव्याने लिहिला गेला, तेव्हा जुने ग्रंथ पूर्वीसारखेच दिसावेत म्हणून त्यात हा विक्षिप्तपणाही मुद्दाम उतरवण्यात आला.

मॉरोविंडच्या टॅगांचा खरा दोष वेगळाच होता. ते सगळे दिसण्याविषयी बोलतात. फॉन्टचे नाव, आकार, रंग या गोष्टी प्रत्येक ग्रंथात पुन्हा पुन्हा लिहाव्या लागतात. खुद्द वेबच्या मानकांनी ‘फॉन्ट’ हा टॅग १९९७ मध्येच टाळण्याजोगा ठरवला होता आणि दिसण्याचे काम शैलीपत्रकांकडे सोपवले होते. शैलीपत्रकाची सोय मॉरोविंडच्या ग्रंथांना नव्हती.

२००६ च्या ‘ऑब्लिव्हियन’मध्ये टॅग कायम राहिले आणि सजावट वाढली. मध्ययुगीन हस्तलिखितांप्रमाणे परिच्छेदाच्या आरंभी मोठे नक्षीदार आद्याक्षर दिसू लागले. हे आद्याक्षर फॉन्टमधले नसते, ते चित्र असते. मजकुरातले पहिले अक्षर काढून त्या जागी ‘आयएमजी’ टॅग घालावा लागतो.

२०११ च्या ‘स्कायरिम’मध्ये पडद्यावरची मांडणी ‘स्केलफॉर्म’ या फ्लॅशवर आधारलेल्या प्रणालीकडे गेली. तिला एचटीएमएलचे मोजकेच टॅग समजतात. त्यांच्या जोडीला चौकोनी कंसातला ‘पेजब्रेक’ आला आणि पान नेमके कुठे संपवायचे हे लेखकाच्या हाती आले. त्याहून मोठा बदल फॉन्टच्या नावांत झाला. इथे टॅगमध्ये फॉन्टचे खरे नाव लिहीत नाहीत. डॉलर-चिन्हाने सुरू होणारे ‘हँडरिटनफॉन्ट’सारखे भूमिकेचे नाव लिहितात. ती भूमिका कोणत्या फॉन्टने वठवायची, हे वेगळ्या फाइलमध्ये नोंदवलेले असते. तिथली एक ओळ बदलली की खेळातल्या सगळ्या चिठ्ठ्यांचे हस्ताक्षर बदलते.

मजकुरातील नावांनाही हीच युक्ती लागू होते. बक्षिसासाठी मारायच्या दरोडेखोराची चिठ्ठी खेळाडूला मिळते, तेव्हा ठिकाणाच्या जागी मुळात ‘एलियस’ हा टॅग असतो. खेळ चालू असताना निवडले गेलेले ठिकाण त्या जागी भरले जाते आणि एकच चिठ्ठी अनेक ठिकाणांसाठी पुरते.

या मालिकेबाहेरच्या ‘माइनक्राफ्ट’ या खेळात २०१२ पासून खेळाडू स्वतःच पुस्तके लिहू शकतात. एका पानावर १४ ओळी मावतात. संगणकावरील जावा आवृत्तीत पुस्तकाची कमाल मर्यादा १०० पानांची आहे. या आवृत्तीत कमांड वापरून पुस्तक तयार केले, तर मजकुराच्या प्रत्येक तुकड्याला ठळकपणा किंवा रंग देता येतो. अनुक्रमणिकेतील ओळीवर क्लिक करताच ते पान उघडेल, अशीही सोय करता येते. ‘रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेने १२ मार्च २०२० रोजी याच खेळात ‘अनसेन्सर्ड लायब्ररी’ उघडली आणि पत्रकारांचे दडपलेले लेख अशा पुस्तकांतून वाचकांपर्यंत पोहोचवले.

देवनागरीची वाट मात्र बिकट आहे. मॉरोविंडच्या मूळ फॉन्टमध्ये जेमतेम २५६ अक्षरांची जागा होती. जागा वाढली तरी प्रश्न सुटत नाही, कारण देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी न्यावी लागते, जोडाक्षरे घडवावी लागतात आणि रफार पुढच्या अक्षरावर चढवावा लागतो. एकामागून एक अक्षर मांडणाऱ्या साध्या यंत्रणेला हे जमत नाही. हे काम टॅगांचे नाही, अक्षरे रेखाटणाऱ्या यंत्रणेचे आहे.

‘द रिअल बॅरेन्झिया’ ही कथा डॅगरफॉलपासून स्कायरिमपर्यंत चारही खेळांत आहे. कथा टिकली, तिच्या भोवतीचे संकेत आणि टॅग दर वेळी नवे घालावे लागले. स्वतःचे ग्रंथ खेळात घालू इच्छिणाऱ्याने यातून एवढे घ्यावे: मजकुराची स्वच्छ प्रत वेगळी ठेवावी, टॅग शक्यतो भूमिका सांगणारे निवडावेत, आणि मॉरोविंडसाठी लिहीत असल्यास शेवटचा ‘बीआर’ विसरू नये.