निरोप पोंचविणारी पेटी

मोठ्या कुटुंबांत निरोप कसा बदलत जातो, हें आमच्या वाचकांस मुद्दाम सांगावयास नको. माजघरांतून निघालेला "चार माणसें जेवावयास आहेत" हा निरोप ओसरीवर पोंचेपर्यंत "चारला जेवावयास या" असा होतो, आणि मग स्वयंपाकघरांत जी तारांबळ उडावयाची ती उडते. अशा चुकीचें घरांत दोन दिवस हंसें होतें व ती विसरली जाते. परंतु निरोप जेव्हां एखाद्याच्या जीवाविषयीं असतो, तेव्हां एका अक्षराचा फरक किती महाग पडतो, याचा अनुभव आमच्या घरानें २००५ सालीं घेतला. आणि आजचा विषय त्या अनुभवांतूनच निघालेला आहे.

आम्ही नवी मुंबईंत नेरूळ येथें राहतों. आमचे थोरले बंधू, ज्यांस सारें घर दादा म्हणतें, त्या वेळीं मुंबईंत नोकरीस होते. २६ जुलै २००५ या दिवशीं मुंबईवर जो पाऊस कोसळला त्याची नोंद सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर अशी झाली. आगगाड्या जागच्या जागीं उभ्या राहिल्या, रस्ते पाण्याखालीं गेले आणि मोबाईल फोन मुके झाले. आमच्या मातोश्रींनीं ती रात्र देवापाशीं बसून काढली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं दादांच्या कचेरींतील एक गृहस्थ खाडीपूल पायीं ओलांडून वाशीस पोंचले. त्यांनीं तेथील एका ओळखीच्यांस निरोप दिला, त्यांनीं आमच्या मेहुण्यांस दिला, आणि मेहुण्यांकडून तो आम्हांस मिळाला: "दादा शिवडीस आहेत, सुखरूप आहेत, पण औषध संपलें आहे." दादांस मधुमेह. धाकटे बंधू औषध घेऊन चिखलापाण्यांतून कसेबसे शिवडीस गेले आणि दिवसभर शोध करून, रडवेले होऊन परत आले. दादा होते शीवेस! शीव आणि शिवडी यांत अंतर एका अक्षराचें. पण त्या एका अक्षरानें घरास आणखी एक रात्र जागविलें. तिसऱ्या दिवशीं दादा आपण होऊनच घरीं आले. दोष कोणाचाच नव्हता. निरोप तीन तोंडांतून आला, इतकेंच.

त्या वेळीं शाळेंत असलेला आमचा पुतण्या हें सारें पाहत होता. पुढें तो इंजिनियर झाला, त्यानें हौशी बिनतारीचा सरकारी परवाना काढला, आणि एके दिवशीं जेवणाच्या डब्याएवढी एक काळी पेटी घरीं आणली. "काका, ही पेटी निरोप बदलूं देत नाहीं," एवढेंच तो म्हणाला. ती पेटी काय आहे व तिचें म्हणणें कितपत खरें आहे, तें आम्ही गेलें वर्षभर पाहत आहों.

हौशी बिनतारी हा छंद मुंबई इलाख्यास नवा नाहीं. १९२३ सालींच मुंबईंत रेडिओ क्लबानें ध्वनिक्षेपणाचे प्रयोग केले होते. परवानाधारक माणसास स्वतःचें एक सांकेतिक नांव मिळतें, आपल्याकडे तें 'व्हीयू' या अक्षरांनीं सुरू होतें, आणि ठरलेल्या लहरींवर तो जगांतील दुसऱ्या परवानाधारकाशीं बोलूं शकतो. तारा नाहींत, मध्यें कंपनी नाहीं. दोन यंत्रें, दोन एरिअल आणि मधलें आकाश. म्हणूनच जेथें बाकीचीं साधनें बंद पडतात तेथें हीं मंडळी उपयोगी पडतात. २६ डिसेंबर २००४ रोजीं समुद्राच्या महाकाय लाटांनीं अंदमानास तडाखा दिला, तेव्हां श्रीमती भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालील हौशी बिनतारीवाल्यांचें एक पथक योगायोगानें पोर्ट ब्लेअर येथेंच होतें, व त्यांच्या यंत्रांवरून कित्येकांचें क्षेमकुशल देशांतील आप्तांस कळलें.

परंतु बोलून निरोप देण्यांत जी अडचण वाशीच्या त्या गृहस्थांस आली तीच बिनतारीवरही येते. खरखरींतून पन्नास नांवें, पत्ते व औषधें ऐकून लिहून घेणें हें कष्टाचें काम आहे, आणि त्यांत शीवेची शिवडी केव्हां होईल याचा नेम नाहीं. यावर तोडगा असा कीं, निरोप बोलूंच नये, टंकून पाठवावा. हें काम आमच्या पुतण्याची पेटी करते. तिचें इंग्रजी नांव 'टर्मिनल नोड कंट्रोलर'. हौशी मंडळी तिला टीएनसी म्हणतात. तिच्या पोटांत एक मोडेम व एक लहानसा संगणक असतो, आणि निरोपांची ने-आण करण्यावांचून तिला दुसरें कांहींच येत नाहीं.

तिची रीत अशी. आपण टंकिलेल्या मजकुराचे ती लहान लहान लखोटे पाडते. प्रत्येक लखोट्यावर पाठविणाऱ्याचें व घेणाऱ्याचें सांकेतिक नांव घालते, आंत फार तर २५६ घरांचा मजकूर ठेवते, आणि शेवटीं त्या साऱ्या मजकुरावरून हिशेब करून काढलेला एक ताळ्याचा आंकडा जोडते. मग तो लखोटा १२०० व २२०० हर्ट्झ अशा दोन सुरांच्या झपाट्याच्या अदलाबदलींत रूपांतरित होऊन, दर सेकंदास १२०० चिन्हांच्या वेगानें बिनतारी यंत्रांतून बाहेर पडतो. कानाला ती नुसती चिरचिर वाटते; भरलेला लखोटा जावयास दोन सेकंद लागतात. पलीकडील पेटी तो घेते व ताळ्याचा हिशेब स्वतः पुन्हा करते. ताळा जमला तर "पावला" अशी पोंच परत धाडते. जमला नाहीं तर तो लखोटा सरळ टाकून देते. आणि पोंच आली नाहीं कीं पहिली पेटी तोच लखोटा पुन्हा पाठविते. ताळा चुकून जमण्याचा संभव पासष्ट हजारांत एखादा. सारांश, निरोप पोंचेल तर जसाच्या तसा पोंचेल, नाहीं तर मुळींच पोंचणार नाहीं. आणि पोंचला नाहीं हें पाठविणाऱ्यास कळेल. अर्धवट ऐकलेला निरोप ही चीजच तेथें नाहीं.

ही कल्पना कशी वाढली तेंही सांगण्याजोगें आहे. १९७१ सालीं हवाई बेटांतील विद्यापीठांत नॉर्मन अब्रॅमसन यांनीं निरनिराळ्या बेटांवरील संगणक अशाच लखोट्यांनीं बिनतारी जोडून दाखविले. १९७८ सालीं कॅनडांतील माँट्रियल येथील हौशी मंडळींनीं तो प्रयोग आपल्या लहरींवर आणला. १९८४ सालीं लखोट्याचे नियम छापून निघाले, आणि पुढच्याच वर्षीं अमेरिकेंतील टूसॉनच्या हौशी मंडळींनीं टीएनसी-२ नांवाची जी पेटी तयार केली तिच्या वळणावर पुढील कित्येक पेट्या निघाल्या. आपला महाराष्ट्रही यांत मागें राहिला नाहीं. पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजच्या विद्यार्थ्यांनीं बांधलेला 'स्वयम्' हा जेमतेम एक किलो वजनाचा उपग्रह २२ जून २०१६ रोजीं श्रीहरिकोट्याहून आकाशांत गेला. हौशी मंडळींचा निरोप एका ठिकाणीं घ्यावा, पोटांत ठेवावा आणि फिरत फिरत दुसऱ्या ठिकाणीं उतरवावा, हा त्याचा एक उद्देश होता. आपल्या पोरांनीं टपालवाला थेट आकाशांत नेमावयाचें मनांत आणलें, याचें आम्हांस फार कौतुक वाटतें.

यावर चिकित्सक वाचक विचारतील कीं, हल्लीं घरोघरीं संगणक असतां ही निराळी पेटी हवीच कशाला? प्रश्न रास्त आहे. संगणकाच्या ध्वनियंत्रणेकडून हेंच काम करवून घेणारे 'डायरवुल्फ'सारखे कार्यक्रम फुकट मिळतात, आणि जे क्षीण लखोटे जुन्या पेट्या सोडून देतात ते त्यांना पुष्कळदां वाचतां येतात. शिकावयाचें असेल त्यानें तेथूनच आरंभ करावा, असें आमचें मत झालें आहे. परंतु संगणकास शंभर कामें. कोणी त्यावर गाणें लावतें, कोणी आवाजाची पातळी बदलतें, कधीं तो ऐन वेळीं स्वतःची डागडुजी करीत बसतो. आणि वीज गेली कीं त्याचा जीव कांहीं तासांचा. पेटीचें तसें नाहीं. बारा व्होल्टच्या बॅटरीवर ती अगदीं थोडक्या विजेंत दिवसच्या दिवस जागी राहते, बटण दाबतांच कामास लागते, आणि घरचीं माणसें झोंपलीं असतां आलेला निरोप आपल्या पोटांतील टपालपेटींत जपून ठेवते. घरांतील जुन्या, विश्वासू गड्यासारखी ती आहे; काम एकच करील, पण त्यासाठीं तिला हांक मारावी लागणार नाहीं.

लांब पल्ल्याच्या लघुलहरींसाठीं जर्मनींतील हानाउ येथें बनणारे 'पॅक्टर' मोडेम आहेत. भर समुद्रांतील नावाडी त्यांवरून घरीं पत्रें धाडतात. पण त्यांची किंमत लाख रुपयांच्या पुढें जाते. आमच्यासारख्यांनीं त्यांचें वर्णन वाचून समाधान मानावें.

नवी मुंबईची भूमि या कामास अर्धी अनुकूल, अर्धी प्रतिकूल. ज्या लहरींवर पेटी बोलते त्या, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या, सरळ रेषेंत जातात. वाशी-नेरूळहून खाडीपलीकडील चेंबूर-मानखुर्दपर्यंत मधें सपाट पाणी आहे, त्यामुळें निरोप सहज जातो. मात्र पारसिकचा डोंगर आडवा आला कीं पलीकडे कांहीं ऐकूं येत नाहीं. अशा वेळीं उंचावर बसविलेली तिसरी पेटी एकीकडचा लखोटा घेऊन दुसरीकडे फेंकते. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावरूनही १४५.८२५ मेगाहर्ट्झवर असेंच काम चालतें. आमच्या इमारतीच्या गच्चीवर एरिअल उभारण्यास शेजारी प्रथम नाखूष होते. पण पुतण्यानें सर्वांस पेटीसमोर बसवून तिचें काम दाखविलें, तेव्हां परवानगी मिळाली.

गेल्या श्रावणांत आम्हीं एक परीक्षा केली. चेंबूरचे एक परवानाधारक स्नेही पलीकडे बसले. फसव्या नांवांच्या गांवांची यादी केली: शीव व शिवडी, दिवा व दिघा, माहीम व माहुल, नेरूळ व नेरळ. प्रथम पुतण्यानें तीं नांवें मुद्दाम आवाज क्षीण करून वाचलीं. स्नेह्यांनीं दोन चुकीचीं लिहिलीं. मग तीच यादी पेटींतून गेली. दिवा लुकलुकला, एक लखोटा तीनदां पाठवावा लागला, पण अखेर यादी पोंचली. ती पाहून आम्ही आनंदानें उठणार, तोंच चेंबूरहून प्रश्न आला: "यादींत नेरळ दोनदां कां?" टंकण्याचें काम आम्हीं हौसेनें आमच्याकडे घेतलें होतें, आणि नेरूळच्या ठिकाणीं बोट चुकलें होतें! पेटीनें आमची चूक काना-मात्रेचाही फरक न करतां चेंबुरास पोंचविली होती.

त्या दिवशीं आम्हीं जें शिकलों तेंच या लेखाचें सार आहे. पेटी वाटेची हमी देते, माणसाच्या बोटाची देत नाहीं. तेव्हांपासून आमच्या घरीं नियम केला आहे कीं, निरोप टंकल्यावर दुसऱ्यानें तो मोठ्यानें वाचावयाचा आणि मगच धाडावयाचा. हें वाचण्याचें काम दादांनीं आपण होऊन पत्करलें आहे.

मराठी अक्षरांविषयीं एक सूचना. जुन्या पेट्यांवर रोमी अक्षरेंच दिसतात. नव्या रीतीनें देवनागरीही जाते, परंतु तिचें प्रत्येक चिन्ह लखोट्यांतील तीन घरें अडवितें, आणि काना, मात्रा, अनुस्वार हींही निराळीं मोजलीं जातात. म्हणजे एका लखोट्यांत सुमारें पंचाऐंशी चिन्हें मावतात. "दादा शीवेस सुखरूप, औषध पाठवा" एवढ्यास तीं पुरून उरतात.

ज्या घरांत हा छंद शिरूं पाहत असेल त्यांनीं कांहीं गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. केंद्र सरकारची परीक्षा देऊन परवाना मिळाल्यावांचून यंत्रास हात लावूं नये. बारा वर्षांच्या मुलामुलींसही ही परीक्षा देतां येते. या लहरींवर गुप्त भाषा चालत नाहीं, व्यापार चालत नाहीं, आणि एरव्हीं दुसऱ्यांच्या निरोपांची वाहतूक करण्याचाही हा मार्ग नव्हे. म्हणूनच आमच्या परीक्षेंत नुसतीं गांवांचीं नांवें होतीं. आणि मुख्य गोष्ट ही कीं, एकट्या पेटीचा उपयोग शून्य. पलीकडे दुसरी हवी, तिच्यापाशीं जागा माणूस हवा, आणि दोघांचा सराव हवा. इंटरनेट आल्यापासून जगभर पुष्कळ पेट्या माळ्यावर गेल्या. पाऊस कोसळू लागल्यावर त्या खालीं काढून कांहीं साधणार नाहीं.

आमच्या घरीं दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं, चहा झाल्यावर, नेरूळ-चेंबूर असा एक लखोटा जातो व त्याची पोंच येते. मजकूर बहुधा पावसाचा व हवेचा असतो. मातोश्री आतां नव्वदीच्या घरांत आहेत. पेटींतलें त्यांस कांहीं कळत नाहीं, पण दिवा लुकलुकून थांबला कीं त्या हटकून विचारतात, "पोंचला का रे?" आणि पुतण्या "पोंचला, आजी" म्हणाल्यावरच माळ हातांत घेतात.