पोर्ट करण्याआधी फोनचं लॉक तपासा

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत रेंजची गोष्ट गावागणिक बदलते. तालुक्याच्या गावी सगळ्या कंपन्यांचे टॉवर असतात. भामरागड, एटापल्लीच्या आतल्या गावांत किंवा जिवतीच्या पहाडावर गेलं की बऱ्याच ठिकाणी एखादीच कंपनी लागते. नक्षलग्रस्त भागासाठी २०१४ मध्ये मंजूर झालेल्या केंद्र सरकारच्या योजनेतून बीएसएनएलने जे टॉवर उभे केले, ते सुरुवातीला २जी होते. देशभरातले असे २,३४३ टॉवर ४जी करायला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली. त्यामुळे "आपण पण सिम बदलून घेऊ" असं बैठकीत बोललं जातं.

सिम बदलायला हरकत नाही. पण आधी हातातला फोन बघा. नाहीतर नंबर नव्या कंपनीत जातो आणि फोन ते सिम घेतच नाही. पोर्ट केलेला नंबर ९० दिवस परत फिरवता येत नाही. म्हणजे तीन महिने बँकेचा मेसेज नाही, ओटीपी नाही, तेंदूपत्त्याचे पैसे जमा झाले का तेही कळत नाही.

लॉक म्हणजे नेमकं कोणतं?

दुकानात "फोन लॉक आहे" म्हणतात, तेव्हा तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात.

पहिलं, नेटवर्कचं लॉक. फोन एकाच कंपनीच्या सिमवर चालतो. आपल्याकडे बहुतेक फोन असे नसतात, कोणतंही सिम चालतं. पण २०१७ मध्ये १,५०० रुपये अनामत भरून मिळणारा जिओफोन आला आणि २०२३ मध्ये ९९९ रुपयांचा जिओ भारत. हे फोन फक्त जिओच्या सिमवर चालतात. स्वस्तात मिळाले म्हणून गावोगावी बायांकडे हेच फोन दिसतात.

दुसरं, हप्त्याचं लॉक. फायनान्सवर घेतलेल्या स्मार्टफोनचा हप्ता थकला की काही वेळा फोन बंद केला जातो. हप्ते फिटल्यावर हे लॉक निघायला पाहिजे. शेवटचा हप्ता भरल्यावर बाकी काही नाही असा कागद मागून घ्या.

तिसरं, पासवर्डचं किंवा गुगल खात्याचं लॉक. जुना फोन विकत घेताना आधीच्या मालकाने आपलं खातं काढलं नसेल तर हे अडतं. ते मालकाकडूनच उघडून घ्यायचं.

पोर्ट करताना पहिलं लॉक आडवं येतं. पुढचं सगळं त्याबद्दल आहे.

तपासायचं कसं?

शेजारणीचं दुसऱ्या कंपनीचं सिम पाच मिनिटं मागून आपल्या फोनमध्ये टाका. फोन लागला, बोलणं झालं, तर लॉक नाही. सिम चालणार नाही असं लिहून आलं, तर लॉक आहे. त्याच वेळी रेंजही बघून घ्या. घरात, शेतावर, मोहफूल वेचता त्या बाजूला आणि गटाची बैठक होते तिथे, अशा चारही जागी बघा. टॉवर दिसतो म्हणजे फोन लागतोच असं नाही.

लॉक उघडता येतं का?

काही देशांत यासाठी कायदे-नियम आहेत. कॅनडात डिसेंबर २०१७ पासून कंपनीने असं लॉक फुकट उघडून द्यावं लागतं. ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२१ पासून लॉक केलेले फोन विकायलाच बंदी आहे. आपल्याकडे मात्र जिओफोन किंवा जिओ भारतचं लॉक दुकानात कोड टाकून उघडून मिळेल, या भरवशावर पैसे देऊ नका. "सॉफ्टवेअर मारून देतो" म्हणणारे भेटतात. त्यात फोन कायमचा बंद पडू शकतो.

आणखी एक धोका समजून घ्या. प्रत्येक फोनला आयएमईआय नावाचा १५ अंकी नंबर असतो. तो *#०६# दाबल्यावर दिसतो. तो मुद्दाम बदलणं हा २०२३ च्या दूरसंचार कायद्यानुसार गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणून फोन दुरुस्तीला देताना आणि परत घेताना हा नंबर तोच आहे ना, ते वहीत लिहून पडताळा.

मग मार्ग काय?

नंबर आपला आहे, तो कुठल्याही कंपनीत नेता येतो. देशात ही सोय २०११ पासून आहे. लॉक फक्त फोनला आहे. म्हणून क्रम असा ठेवा: आधी फोन, मग पोर्ट.

बिनलॉकचा फोन घेताना दुकानात दुसऱ्या कंपनीचं सिम टाकून, फोन लावून बघा. बिलावर आयएमईआय लिहून घ्या. बीएसएनएलसाठी घेत असाल तर त्यावर बीएसएनएलचं ४जी चालतं का ते विचारा. साधा २जी कीपॅड फोन बीएसएनएलच्या २जी टॉवरवर चालेल, पण जिओवर तो चालणार नाही, कारण जिओचं २जी नेटवर्कच नाही.

जुना लॉक असलेला फोन टाकून देऊ नका. तालुक्याला शिकणाऱ्या मुलीला जिओच्या सिमवर तो उपयोगी पडतो.

पोर्टचे टप्पे

१. आपल्याच नंबरवरून मेसेज करा. इंग्रजीत पी-ओ-आर-टी ही अक्षरं, एक जागा सोडून आपला १० अंकी नंबर, आणि पाठवा १९०० वर. रिचार्ज संपलेला असला तरी हा मेसेज जायला पाहिजे, असा ट्रायचा आदेश आहे.

२. आठ अक्षरांचा कोड येतो. आपल्याकडे तो चार दिवस चालतो. नंबर सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेला नसेल, किंवा सिम हरवून नवं घेतल्याला सात दिवस झाले नसतील, तर कोड मिळत नाही.

३. कोड आणि आधार घेऊन नव्या कंपनीच्या केंद्रात जा. कोड ओटीपीसारखाच जपा, फोनवर कोणालाही सांगू नका. मशीनवर अंगठा दुसऱ्यांदा मागितला तर का ते विचारा. आपल्या नावावर भलतंच सिम निघायला नको. किती सिम आपल्या नावावर आहेत ते सरकारच्या संचार साथी पोर्टलवर दिसतं. सीआरपी ताई किंवा बँक सखीकडून बघून घ्या.

४. राज्यातल्या राज्यात तीन कामाच्या दिवसांत पोर्ट होतो. मन बदललं तर अर्ज केल्यापासून २४ तासांत रद्द करता येतो.

५. जुनं सिम बंद पडलं की नवं टाका. मध्ये काही तास फोन लागत नाही. म्हणून कर्जाच्या कागदपत्रांचा किंवा ई-केवायसीचा दिवस सोडून पोर्ट करा. जुन्या सिममधला शिल्लक बॅलन्स आणि पॅक नव्या कंपनीत येत नाही, तो आधी वापरून संपवा.

नंबर तोच राहतो, त्यामुळे बँकेत किंवा आधारला काही बदलायला लागत नाही. नवीन सिम, नवीन नंबर घेतला तर मात्र सगळीकडे धावावं लागतं. म्हणून "नवं सिम फुकट आहे, घेऊन टाक" असं कोणी म्हटलं तरी आधी पोर्टचं विचारा.

मिरची तोडायला तेलंगणात जाणाऱ्या ताईंनो, दोन महिन्यांसाठी पोर्ट करू नका. परत आल्यावर गावात रेंज नसेल तर अडचण होईल. तिकडे आपलाच नंबर रोमिंगवर चालतो का, ते निघण्याआधी विचारून घ्या.

पुढच्या बैठकीत हे एक काम करा. वर्गणी जमा झाली की प्रत्येकीचा फोन काढा आणि एकमेकींची सिम टाकून बघा. कोणाचा फोन लॉक आहे, गावात कोणती कंपनी कुठे लागते, हे गटाच्या वहीत लिहा. ज्यांना पोर्ट करायचं आहे त्यांनी ती वही बघून ठरवा.